दारातली उत्तम विश्रांती

संध्याकाळची गोळी एक तास आधी मिळावी, एवढीच मोजणीसाहेबांची मागणी होती. मागणी रास्त होती, तोंडी होती आणि तिला एकही कागद जोडलेला नव्हता. या तीन दोषांपैकी पहिला एक वेळ माफ झाला असता. उरलेल्या दोघांनी घात केला.

मोजणीसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. जमीनमोजणी खात्यात साखळी ओढण्यात उभी हयात गेली म्हणून गल्लीने बहाल केलेली ती पदवी. निवृत्त झाल्यावर त्यांना पार्किन्सनने गाठले. आधी उजव्या हाताला कंप आला, मग अक्षर मुंगीएवढे झाले आणि मग रोगाची नजर पायांवर गेली. गोळी घेतली की साहेब बरे चालत. गोळीचा असर ओसरला की पाय फरशीला चिकटत, आणि चिकटण्यासाठी पायांनी जागा निवडली होती दाराची. खोलीत फरफटत का होईना चालणारा हा माणूस चौकट आली की असा थांबे, जणू पलीकडे दुसऱ्या राज्याची हद्द आहे. डोके म्हणे, चल. पाय म्हणत, लेखी पाठवा.

दुपारच्या गोळीचा असर संपण्याची वेळ आणि संध्याकाळची गोळी लागू पडण्याची वेळ यांच्यामध्ये रोज थोडा काळ बेवारस पडे. नेमक्या त्याच काळात साहेबांना निकड लागे आणि साहेब संडासाच्या दारात उभे राहत. आत जायचे असे, जाता येत नसे. पुढचे सांगायला नको. बायको फडके घेऊन येई, आणि त्याविषयी दोघेही कधी बोलत नसत.

जुने डॉक्टर होते तोवर निभावले. ते साहेबांना म्हणत, "जरा त्या दारापर्यंत जाऊन या बघू," आणि मग खरोखरच बघत. त्यांनीच एक युक्ती सांगितली होती. दारासमोर फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारायच्या आणि दार विसरून फक्त रेघ ओलांडायची. मेंदूच्या कोणत्या खिडकीवर हे काम होई कोण जाणे, पण होई. रेघ दिसली की पाय उचलत. बहुतेक दिवस साहेब कोरडे पोहोचत. जे दिवस उरत, तेवढ्यांसाठी गोळीची वेळ थोडी अलीकडे आणू, असे डॉक्टर म्हणाले होते. तेवढ्यात ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी यंत्रणा आली.

यंत्रणेच्या पुढे बसलेले नवे डॉक्टर तरुण होते, सभ्य होते आणि पडद्याकडे बघत होते.

"संध्याकाळी मी दारात अडकतो," साहेब म्हणाले. "संध्याकाळची गोळी तासभर आधी घेतली तर..."

"अडकता, असं कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो."

"म्हणजे ते तुमचं मत झालं."

"आणि फरशी मी पुसते," बायको म्हणाली. "ते माझं मत."

डॉक्टरांनी पडद्यावर खाली-वर शोधले. "घरच्यांच्या मतासाठी इथे रकाना नाही," ते हळहळून म्हणाले. "तुम्ही असं करा, चालमापन विभागात जा. ते तुम्हाला पट्टा देतील. महिनाभर पट्टा काय म्हणतो ते पाहू. तुम्ही अडकत असाल तर पट्ट्याला कळेलच."

"आणि मी म्हणतोय ते?"

"तुम्ही रुग्ण आहात. तुमचा या प्रकरणात हितसंबंध येतो."

याचे साहेबांना वाईट वाटायला हवे होते. उलट त्यांचा जीव भांड्यात पडला. कारण ही भाषा त्यांची स्वतःची होती. नोकरीत असताना कोणी म्हणे, साहेब, ही विहीर माझ्या आज्याने खणली, या काठावर मी लहानाचा मोठा झालो. साहेब शांतपणे नकाशा उलगडत आणि सांगत, तुमची विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत आहे. तो माणूस विहिरीकडे बोट दाखवी, साहेब नकाशाकडे. विहीर कधीही जिंकली नाही.

"शेवटी कोणीतरी मोजणार," परतताना साहेब समाधानाने म्हणाले.

"तुम्ही नकाशाच्या बाजूचे," बायको म्हणाली. "या वेळेला विहीर कोण आहे ते बघा जरा."

पट्टा घेऊन चालमापन विभागाची मुलगी घरी आली. तिने साहेबांच्या कमरेला पट्टा बांधला आणि एक हिरवी डबी टेबलावर ठेवली. साहेबांच्या सगळ्या गोळ्या तिने त्या डबीत ओतल्या. झाकण खट्‌ करून बसले आणि कुलपासारखा आवाज आला.

"पट्टा आणि डबी एकमेकांशी बोलतात," ती म्हणाली. "पट्टा सांगेल तेव्हाच डबी उघडेल. पेशंटनी आपल्या मनानं गोळ्या घ्यायला नकोत, काकू, त्यानं मोजणी बिघडते."

"ते दोघं बोलतील," बायको म्हणाली. "आम्हाला काही कळवतील का?"

"ॲपवर कळेल!" हे साहेबांचा मुलगा म्हणाला. त्याच्या स्वतःच्या मनगटावर एक पट्टी होती. ती त्याला पाणी केव्हा प्यायचे, श्वास केव्हा घ्यायचा आणि आईशी बोलताना हृदयाचे ठोके किती वाढतात हे सांगे. वडील आता आपल्या वाटेवर आले म्हणून तो मनापासून खूश होता.

मुलीने घर फिरून पाहिले आणि संडासाच्या दारासमोर थबकली. "हे काय लावलंय?"

"रेघा," साहेब म्हणाले. "यांच्यावरून पाऊल उचलतं."

"छे छे, मग मी मोजणार काय?" ती गुडघ्यावर बसली आणि नखाने चिकटपट्टी उचकटू लागली. "ही बाहेरची मदत झाली, काका. तुमची चाल शुद्ध स्वरूपात मिळायला हवी."

"अगं, पण तोवर हे आत जाणार कसे?" बायकोने विचारले.

"तेच तर मोजायचंय ना!" मुलगी म्हणाली, आणि शेवटची रेघ गोळा करून तिने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. साहेबांनी मान डोलावली. मोजणीच्या आधी रान साफ करतात, हे त्यांना माहीत होते.

त्याच संध्याकाळी पट्ट्याची पहिली परीक्षा झाली. साहेब फरफटत निघाले, दारापाशी आले आणि थांबले. उजवा हात चौकटीवर, नजर खाली, टाचा किंचित वर, जमीन पायांना सोडीना. कपाळावर घाम आला. आणि कमरेतून एका प्रसन्न बाईचा आवाज आला.

"वा! आपण उत्तम विश्रांती घेत आहात. असेच शांत राहा."

"शांत कसले राहताय, आत जा!" बायको मागून ओरडली.

"आपला श्वास खोल आहे," पट्टा म्हणाला. "ही विश्रांती आपल्या वयोगटात सर्वोत्तम आहे."

साहेबांनी सगळा जीव डाव्या पायात ओतला. पाय थरथरला. जागचा हलला नाही.

"विश्रांतीसोबत सौम्य व्यायाम! अभिनंदन."

थोड्याच वेळात बायको फडके घेऊन आली. ती वाकून फरशी पुसत असताना मुलाने आतल्या खोलीतून आनंदाने हाक दिली, "बाबा, तुम्हाला सोनेरी पान मिळालंय!"

महिन्याने डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले.

"फार छान. रोज संध्याकाळी तुम्ही दारात उभं राहून विश्रांती घेता. ही सवय कधीपासूनची?"

"अहो, ती विश्रांती नव्हे. तेच ते अडकणं."

"अडकणं असा प्रकार पट्ट्यात नाही. चालणं, व्यायाम, झोपणं आणि विश्रांती. माणसाच्या हालचाली या चारांतच बसतात, तज्ज्ञांनी ठरवलंय ते."

"आणि मी पाचवंच काही केलं तर?"

"ते पट्टा या चारांपैकी एकात घालेल. काळजी करू नका, वाया काही जात नाही." डॉक्टरांनी बोट खाली सरकवले. "एवढी चांगली विश्रांती असताना इतक्या औषधाची गरज दिसत नाही. संध्याकाळची गोळी आपण अर्धी करू."

"मी आधी मागितली होती," साहेब म्हणाले, "अर्धी नव्हती मागितली."

"आधी देण्यासाठी बिघाड लागतो. तुमच्यात तर सुधारणा आहे."

साहेबांनी तोंड उघडले आणि मिटले. नकाशापुढे उभा राहिलेला माणूस असाच तोंड उघडून मिटत असे, हे त्यांना आठवले. त्या वेळी ते त्याला पाणी विचारत. इथे कोणी पाणी विचारले नाही.

त्यानंतर गणित सरळ होते. गोळी अर्धी झाली म्हणून साहेब जास्त अडकू लागले. जास्त अडकले म्हणून विश्रांती वाढली. विश्रांती वाढली म्हणून गोळी आणखी कमी झाली. संडासाच्या दारानंतर स्वयंपाकघराचे दार गेले, मग झोपण्याच्या खोलीचे. घरात जिथे जिथे चौकट होती तिथे तिथे साहेब केव्हा ना केव्हा उभे दिसत, आणि कमरेतली बाई त्यांचे कौतुक करी. सोनेरी पानांची त्यांच्या खात्यावर बाग झाली.

मुलाने एक तोडगा काढला. पट्ट्याला फक्त हालचाल कळते ना? मग अडकले की बाबांना हलवायचे. विश्रांती नाही हे त्याला कळेल. त्या संध्याकाळी साहेब दारात अडकताच बायकोने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवले.

"वा!" पट्टा म्हणाला. "आपण नृत्य करत आहात."

"मेल्या, तुझ्या तोंडाला..." बायको पट्ट्याला म्हणाली आणि तिने साहेबांना जरा जोरातच ढकलले. साहेब गेले ते थेट खाली. जाताना त्यांनी बायकोचा पदर धरला, त्यामुळे तीही खाली आली. दोघे पाय पसरून संडासाच्या दारात बसले.

"जलद बैठक," पट्टा म्हणाला. "मांड्यांचे स्नायू उत्तम आहेत."

साहेबांनी बायकोकडे पाहिले. तिचा चष्मा एका कानावर लोंबत होता. आधी तिला हसू आले की त्यांना, हे सांगता येणार नाही, पण दोघे बराच वेळ हसले. एवढे ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर हसले नव्हते. पट्ट्याने याची नोंद श्वसनाचा व्यायाम अशी केली.

हसू ओसरल्यावर साहेब म्हणाले, "आता फेरमोजणी मागतो."

"अजून मोजणीच?"

"मोजणी चुकली तर फेरमोजणी असते. ती त्यांना द्यावीच लागते." साहेबांची श्रद्धा अशी होती. देवळात चप्पल चोरीला गेली म्हणून कोणी देव सोडत नाही.

फेरमोजणीसाठी समिती होती. अध्यक्ष, एक सदस्य आणि ज्या कंपनीने पट्टे पुरवले तिचे प्रतिनिधी, जे तटस्थ निरीक्षक म्हणून बसले होते. समिती एका लांब बोळकंडीच्या टोकाला टेबल टाकून बसली होती. साहेबांनी पलीकडच्या टोकाकडून चालत यायचे आणि दारातून समितीपुढे हजर व्हायचे, अशी परीक्षा होती. वेळ मुद्दाम संध्याकाळची मागून घेतली होती. साहेब सकाळपासून मनात म्हणत होते, आज पाय अडकलेच पाहिजेत.

बोळकंडीशी आल्यावर त्यांनी खाली पाहिले. फरशी एक काळी, एक पांढरी. काळी, पांढरी, काळी, पांढरी, थेट समितीच्या टेबलापर्यंत.

"अगं," ते बायकोला हळूच म्हणाले, "रेघा आहेत."

"खाली बघू नका."

"न बघता पडेन की."

साहेबांनी पाऊल उचलले. पायांना हवे होते तेच मिळाले होते. महिनोन्‌महिने उपाशी ठेवलेले पाय त्या फरशीवर तुटून पडले. साहेब अडकण्याचा जिवापाड प्रयत्न करत होते आणि पाय संचलनाला निघाल्यासारखे टाकटाक पडत होते. दार आले आणि मागे गेले. साहेब समितीपुढे जाऊन उभे राहिले तेव्हा अध्यक्षांना आणि सदस्याला टाळ्या आवरल्या नाहीत.

"तुम्ही अडकता म्हणालात?" अध्यक्षांनी विचारले.

"घरी अडकतो. इथे फरशीला रेघा आहेत, म्हणून चाललो."

अध्यक्षांनी वाकून फरशी पाहिली, मग पडदा पाहिला. "फरशीची नोंद पट्ट्यात येत नाही."

"पण डोळ्यांना दिसतेय ना?"

"दिसतेय," अध्यक्ष सौजन्याने म्हणाले. "आमची काही हरकत नाही."

मात्र कंपनीच्या प्रतिनिधींचे चालण्याकडे लक्षच नव्हते. ते साहेबांची जुनी नोंद वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचा आवाज भरून आला. "साहेब, या वयात, अशा आजारात, इतकी गाढ, इतकी सलग, उभ्यानं विश्रांती! आमच्याकडं धडधाकट तरुण येतात, त्यांना क्षणभर स्वस्थ उभं राहवत नाही. आमच्या पट्ट्याला आदर्श विश्रांती म्हणजे नेमकी कशी हे शिकवायला इतके दिवस माणूसच मिळत नव्हता."

"म्हणजे?" साहेबांनी विचारले.

"म्हणजे यापुढं तुम्ही प्रमाण. तुमच्या विश्रांतीवरून आम्ही सगळ्यांची मोजणार."

सर्वेक्षणात एक खुणेचा दगड असतो. तो हलत नाही, बोलत नाही. आसपासची सगळी मोजमापे त्याच्यापासून घेतात. अशा दगडापुढे साहेबांनी आयुष्यभर मान लववली होती. त्यांना नाही म्हटले तरी भरून आले.

"खुणेचा दगड झालो मी," घरी जाताना ते म्हणाले.

"दगड तर झालातच," बायको म्हणाली. "गोळीचं काय म्हणाले?"

गोळीचे असे ठरले होते, की आदर्श माणसाला संध्याकाळच्या गोळीची आवश्यकता नाही. ती बंद.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे घडले ते अनेकांनी पाहिले आहे, पण त्याचे मूळ संडासाच्या एका दारात आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कंपनीच्या कमरपट्ट्यांना आणि मनगटपट्ट्यांना नवी बुद्धी मिळाली. माणूस दारापाशी आला की पट्टी हलके थरथरू लागली आणि म्हणू लागली, "दार आले. विश्रांतीची वेळ झाली." मग पट्टी साहेबांच्या नोंदीशी ताडून गुण देई. शिकवण्या निघाल्या. उजवा हात चौकटीवर, नजर खाली, टाचा किंचित वर. कपाळावर घाम आला तर जादा गुण. कचेऱ्यांच्या दारांत माणसे उभी राहू लागली आणि त्यांच्या मागे, त्यांची विश्रांती संपली की आपली सुरू करता यावी म्हणून, आणखी माणसे. उद्वाहन प्रत्येक मजल्यावर उघडे आणि तसेच मिटे, कारण उंबऱ्यावरचा गृहस्थ ध्यानात असे. वर्तमानपत्रांनी लिहिले की समाज अंतर्मुख होत आहे.

साहेबांच्या घरी मुलगा अंतर्मुख झाला. एका संध्याकाळी साहेब भिंतीला धरून धरून, सगळी ताकद पणाला लावून संडासापर्यंत पोहोचले तर दारात मुलगा. हात चौकटीवर, नजर खाली.

"अरे, सरक," साहेब म्हणाले.

"एकच मिनिट, बाबा. तुमच्या जवळपास पोचलोय."

"मला जायचंय रे."

"तुम्ही घाई करू नका, बाबा. तुम्हीच घाई केलीत तर आम्ही कोणाकडे बघायचं?"

बायको फडके घेऊन आली. फरशी पुसून झाल्यावर तिने फडके पिळले नाही. मुलाच्या खांद्यावर टाकले आणि म्हणाली, "वाळव. उद्या मी यांना घेऊन डॉक्टरांकडे जातेय."

डॉक्टरांच्या खोलीसमोर बाकावर रुग्ण दाटीने बसले होते आणि कोणीही आत जात नव्हते, कारण खोलीच्या दारात डॉक्टर उभे होते. हात चौकटीवर, नजर खाली, टाचा किंचित वर.

"वा!" त्यांच्या मनगटातून आवाज आला. "आपण उत्तम विश्रांती घेत आहात."

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "जरा बोलायचं होतं."

डॉक्टरांनी मान वर न करता बोट ओठांवर ठेवले.

"किती वेळ लागेल?"

"तुम्हाला जेवढा लागायचा तेवढा," डॉक्टर कुजबुजले. त्या कुजबुजीत आदर होता.

साहेबांना निकड लागली ती नेमकी तेव्हा. रुग्णालयाचे स्वच्छतागृह बोळकंडीच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि या बाजूची फरशी एकरंगी, करडी, गुळगुळीत होती. साहेब निघाले. पाय निघाले नाहीत. बाकावरची माणसे बघू लागली. त्यांच्यातल्या एकाने ओळखले. "हेच ते!" लोकांनी आपापल्या पट्ट्या पुढे केल्या. प्रत्यक्ष प्रमाण समोर उभे होते, हात हवेत, कपाळावर घाम. कोणी तरी म्हणाले, "चौकट नसताना! बघा, साधना म्हणतात ती ही."

साहेबांनी बायकोकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विहिरीच्या बाजूने तोंड उघडले. "अगं," ते म्हणाले, "मोजणी गेली खड्ड्यात. रेघा मार."

बायकोने पर्समधून पांढऱ्या चिकटपट्टीचे रीळ काढले. ते ती किती दिवस बरोबर बाळगत होती, हे तिने विचारू दिले नाही. ती बोळकंडीत वाकली आणि दाताने पट्टी तोडून फरशीवर आडवी चिकटवली. मग पुढची. साहेबांचा पाय उचलला. ती पुढे, ते मागे, अशी वरात बोळकंडीतून निघाली. दोघे स्वच्छतागृहाच्या दाराशी पोहोचले, शेवटची रेघ तिने बरोबर उंबऱ्याच्या पुढे मारली आणि साहेब ती ओलांडून आत गेले. आपल्या पायांनी, वेळेत, कोरडे.

कमरेतली बाई किंचाळली. "धोका! विश्रांतीच्या वेळी चालणे आढळले! प्रमाणापासून गंभीर घसरण!"

बोळकंडीत धावपळ उडाली. डॉक्टरांची विश्रांती मोडली. चालमापन विभागाची मुलगी पडदा हातात घेऊन पळत आली. अध्यक्षांना कळवण्यात आले. साहेब हात धुऊन बाहेर आले तेव्हा त्यांचा निकाल तयार होता. मोजणीसाहेबांची प्रकृती मोजणीसाहेबांच्या प्रमाणाच्या तुलनेत चिंताजनक होती.

"तुम्ही तर चक्क चालताय!" डॉक्टर घाबऱ्या आवाजात म्हणाले. "हा बिघाड आहे. संध्याकाळची गोळी ताबडतोब सुरू करा. पूर्ण. आणि उशीर नको, नेहमीपेक्षा एक तास आधीच घ्या."

बायको काहीतरी बोलणार होती. साहेबांनी तिचा हात दाबला. ज्याचे क्षेत्र नकाशात चुकून वाढले आहे, तो शहाणा माणूस फेरमोजणी मागत नाही.

घरी हिरवी डबी खट्‌ करून उघडली. साहेब आता संध्याकाळी, बायकोने पुन्हा मारलेल्या रेघा ओलांडून, संडासात जातात आणि रोज त्यांच्या कमरेतली बाई रडवेल्या आवाजात त्यांच्या घसरणीची नोंद घेते. रेघांमुळेच हा बिघाड झाला, असा संशय विभागाला आला होता. त्या उपटून आणण्यासाठी त्या मुलीला पाठवण्यातही आले. ती आली, पण घराच्या मुख्य दारातच तिच्या मनगटपट्टीने तिला विश्रांती सांगितली. बायकोने तिला चहा तिथेच दिला. ती अजून आत आलेली नाही.

साहेबांनी प्रमाण म्हणून आपले नाव काढून घ्यावे असा अर्ज दिला होता. तो फेटाळण्यात आला, कारण खुणेचा दगड बरा झाला तरी लाखो लोकांची मोजमापे पुन्हा करणे परवडणारे नव्हते. तेव्हा नोंद तीच राहिली आहे. परवा तुमच्या मनगटाने तुम्हाला 'उत्तम' म्हटले आणि तुम्ही ते चार जणांना दाखवलेत, तेव्हा तुमची तुलना झाली ती एका म्हाताऱ्या माणसाच्या संडासाच्या दारातल्या सर्वांत वाईट संध्याकाळशी. त्या परीक्षेत तुम्ही उत्तीर्ण झालात. अभिनंदन.

आता मनगटाकडे बघणे झाले असेल तर एकदा मागे वळून बघा. तुमच्या मागे कोणीतरी कधीचे ओठ घट्ट मिटून उभे आहे. त्याला जायचे आहे.

जरा सरका.